घोळ

कमांडर उभी असते तिथे, कडुनिंबाखाली,
दोन वर्षांपासून जमीन ओली.
आधी नाण्याएवढी, मग ताटलीएवढी,
या चैत्रात परातीएवढी.
मी वाकून बघायचे
आणि बघितलं नाही असं ठरवायचे.

पहिल्यांदा हळद टाकली.
चोपड्यात सगळे तेच सांगतात,
पंक्चरवाला, किराणेवाला, कोर्टातला शिपाईसुद्धा:
दोन चमचे हळद, गाडी तापू द्या, भेग आपोआप धरते.
धरलीही. सहा आठवडे.
मग अंड्याचा पांढरा बलक. मग एम-सील.
मग इस्माईल पिंजारीचे टाके, एक, तीन, सात,
रेडिएटरची खालची टाकी दिसायला लागली
देवी येऊन गेलेल्या गालासारखी.

रोज सकाळी आश्रमशाळेचे नऊ मास्तर, दोन बाया
आणि सीटखाली पाण्याचे तीन कॅन.
वैजापूरच्या चढाला काटा तांबड्याला टेकला
की उतरायचं सगळ्यांनी.
ओलं पोतं टोपणावर, चेहरा बाजूला, अर्धा वळसा,
थांब, शिट्टी संपू दे,
मग उरलेला.
एकदा नाही थांबले. मनगटावरचा डाग तेव्हाचा.
देवरे सर तेवढ्यात दगडावर बसून वह्या तपासायचे.
"तुमच्या गाडीमुळे माझं काम वेळेत होतं, कोकिळाबाई."

रविवारी इस्माईलने जाळी बोटाने दाबली.
बोट आत गेलं,
सादळलेल्या पापडात जावं तसं.
"आते टाका कथा मारू?
टाकाले जागा तं पाहिजे ना, बाई."

नवा त्याने धुळ्याहून आणूनच ठेवला होता, मला न विचारता.
साडेसात हजार. अ‍ॅल्युमिनियमचा,
इतका हलका की दित्याने एका हाताने उचलला
आणि हलवून कानाला लावला, आत काही आहे का म्हणून.

खालची नळी सोडली.
आधी चहाच्या रंगाचं पाणी,
मग गंजाचे पापुद्रे, मग अगदी तळातून
पिवळा गाळ. माझीच हळद,
आपण अजून कामावर आहोत असं समजणारी.

चार बोल्ट. तीन आले.
चौथ्याला डिझेल पाजलं, हातोडी दाखवली,
इस्माईलने ठेवणीतली एक शिवी दिली, शेवटी छिन्नी.
नव्याची भोकं जुळेनात, अर्ध्या पेराचा फरक.
त्याने गाडीला नाही, रेडिएटरला नाही,
मधल्या पट्टीला कानस मारली तासभर.
येताना दबलेल्या पत्र्या मग सुईने
एकेक सरळ करत बसला, फुंकर घालत.
त्याचा आजा दारोदार कापूस पिंजायचा.
मी हे बोलले नाही. हाताकडे बघत राहिले.

टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं.
पाणी खाली गेलं, दित्याने ओतलं,
परत गेलं, परत ओतलं,
मग एक मोठा बुडबुडा, जेवलेल्या माणसाचा ढेकर,
आणि पाणी काठाशी येऊन थांबलं.
तिघे त्या भोकात डोकावत होतो,
विहिरीला पाणी लागल्यावर डोकावतात तसे.

जुना तागडीत टाकला. अकरा किलो पितळ-तांबं.
टाक्यांचंही वजन धरलं त्याने.

सोमवारी काटा मधोमध.
चढ आला, गेला, कोणी उतरलं नाही.
देवरे सरांनी मांडीवर वही घेऊन पाहिली,
लाल रेघ पार समासाबाहेर गेली.
"आता घरी तपासाव्या लागणार," ते म्हणाले,
जरा तक्रारीच्याच सुरात.

कडुनिंबाखाली त्या ओलीवर घोळ पसरली होती,
जाड पानांची, लालसर देठांची.
मी कधी खुडली नाही, गंजाच्या पाण्यावरची म्हणून.
गुरुवारी तिने माना टाकल्या.

सीटखाली एक कॅन अजून भरलेला होता.
तो ओढला, झाकणाला हात घातला.
अर्धा वळसा.
थांबले,
शिट्टीसाठी.